जामीनदार पाहिजे

परदेशी शिष्यवृत्ती लागली की पोराला सगळ्यांत आधी काय मिळतं? फ्लेक्स. पैसे नंतर येतात, व्हिसा त्याच्याही नंतर, तिकीट तर पार शेवटी. पण फ्लेक्स दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात हजर. त्यावर पोराचा फोटो पासपोर्टच्या मापाचा आणि आमदारांचा फोटो आमदारांच्या मापाचा. खाली शुभेच्छुकांची रांग. तिच्यातले निम्मे असे, की पोराच्या बापाची मजुरी द्यायची वेळ आली की ज्यांच्या खिशात सुट्टे नसतात. ‘गावचा सुपुत्र लंडनला’ एवढ्या ठळक अक्षरांत वाचून एसटीतल्या माणसाला वाटतं, हा तिकडे महापौर व्हायला चाललाय. सुपुत्र चाललेला असतो वर्षभराच्या मास्टर्सला, आणि फ्लेक्स लागतो त्या घटकेला तो सेतू कार्यालयाच्या रांगेत उभा असतो, कारण उत्पन्नाच्या दाखल्यावर बापाच्या नावाची वेलांटी चुकलेली असते.

सरकारी स्कॉलर एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करतो. एक लंडनला, दुसरा आपल्याकडच्या टेबलांवर. लंडनचा वर्षात संपतो. टेबलांवरच्याला परीक्षा रोज असते आणि निकाल कधीच लागत नाही. जातीचा दाखला, जात वैधता, डोमिसाईल, उत्पन्न, बापाचं शपथपत्र, पोराचं शपथपत्र, आधीच्या दोन्ही शपथपत्रांतली नावं एकाच कुटुंबातली आहेत असं तिसरं शपथपत्र. मग मुद्रांकावर करारनामा. शंभराचा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचशेचा झाला, म्हणजे ज्ञानाआधी महागाई शिकून झाली. आणि मग जामीनदार. कसा हवा? ऐपतदार. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे असा दाखला तुम्हीच मागून घेतलात, त्या घराच्या ओळखीत ऐपतदार माणूस असतो तो एकच, सावकार. तो जामीन राहत नाही. तो गहाण ठेवून घेतो.

अटी पूर्वीही असायच्या, हे मान्य. १९०५ मध्ये लंडनहून श्यामजी कृष्ण वर्मांनी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, त्यांची अट होती: शिकून झाल्यावर इंग्रज सरकारची चाकरी करायची नाही. १९१३ मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, असं देऊन कोलंबियाला पाठवलं. अट होती बडोदे संस्थानची दहा वर्षं नोकरी. एकाचं म्हणणं चाकरी करू नकोस, दुसऱ्याचं म्हणणं करच. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये जो निधी काढला त्याने पैसे कर्जाऊ दिले. शिका, कमवा, परत करा. इंग्रज सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आजही सांगते, शिकून झालं की दोन वर्षं मायदेशी जाऊन राहा. कुणाचीही अट घ्या, एका वाक्यात मावते, आणि देणाऱ्याला काय हवंय ते त्या वाक्यात कळतं. आपल्या आजच्या अटींचा शासन निर्णय वाचून एवढंच कळतं की देणाऱ्याला झेरॉक्स हवीय. दोन प्रतींत. साक्षांकित.

यात केंद्र मागे कसं राहील? राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ही पन्नासच्या दशकातली जुनी योजना, अनुसूचित जातींतल्या आणि तळाच्या इतर काही समाजांतल्या पोरांसाठी. २०२२ मध्ये तिच्या नियमांत एक ओळ आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचं सामाजिक संशोधन यांना पैसे मिळणार नाहीत. भारताचा अभ्यास करायला भारताबाहेर कशाला जायचं, असा बिनतोड सवाल. योजना सामाजिक न्याय मंत्रालयाची. त्या मंत्रालयात बाबासाहेबांची तसबीर नक्कीच असेल. तसबिरीतल्या माणसाने खिडकीवर अर्ज केला असता तर काय झालं असतं बघा. कोलंबियाच्या एम.ए.चा विषय, प्राचीन भारतातला व्यापार. बाद. १९१६ चा निबंध, भारतातील जाती. बाद, वर लाल शाईत शेरा. लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंध, रुपयाचा प्रश्न.

‘साहेब, हा अर्थशास्त्राचा विषय आहे.’

‘रुपया कुठला? इथलाच ना? मग पुढच्या खिडकीवर विचारा.’

२०२५ च्या जुलैत याच योजनेने आणखी मजा केली. निवडले १०६ आणि हातात पत्र दिलं ४० जणांना. बाकीच्यांना कळवलं, निधी उपलब्ध झाला तर बघू. लग्न ठरलंय, नवरदेव निघाला, वऱ्हाड ट्रकमध्ये बसलंय, आणि मुलीकडचे म्हणतात मांडव मिळाला तर कळवतो. सप्टेंबरात वर्ग सुरू होतात. तिकडचं विद्यापीठ आपल्या निधीसाठी ऑक्टोबरात घंटा वाजवत नाही.

समजा, सगळं पार पडून स्कॉलर लंडनला उतरला. क्षयरोगाची चाचणी दिली, व्हिसाची फी दिली, आरोग्य अधिभार म्हणून वर्षाचे ७७६ पौंड आजारी पडण्याआधीच भरले. आता वर्ग.

जिल्हा परिषदेची शाळा आणि समाजकल्याणचं वसतिगृह यांत वाढलेल्या पोराला पहिला धक्का थंडीचा बसत नाही, सेमिनारचा बसतो. आपल्याकडे वर्गात बोलणं हा गुन्हा, तिथं न बोलणं. प्राध्यापकाला नुसत्या नावाने हाक मारायची. हा आठवडाभर ‘सर’ म्हणतो, मग काहीच म्हणत नाही, खोकतो. दर आठवड्याला वाचायची शेकडो पानं. हा ती सगळी वाचतो, पेन्सिलने खुणा करून वाचतो, आणि वर्गात गेल्यावर त्याला कळतं की ज्याने काहीच वाचलेलं नाही तोच सगळ्यांत जास्त बोलतोय. सुरुवात ठरलेली: ‘मला इथं जरा खोलात जायचंय.’ जातो मात्र काठाकाठाने. डिसेंबर येईतो आपल्या स्कॉलरलाही हे तंत्र जमतं. परदेशी शिक्षण म्हणतात ते हेच असावं असा मला संशय आहे, पण तो बाजूला ठेवू.

मग गुण. इंग्लंडातल्या मास्टर्सला पन्नास म्हणजे पास, साठ म्हणजे मेरिट, सत्तर म्हणजे डिस्टिंक्शन. आणि पंचाहत्तर द्यायची वेळ आली की प्राध्यापक चष्मा पुसून पेपर पुन्हा वाचतो. स्कॉलरला पडतात बासष्ट. तो खुशीत प्रगती अहवाल पाठवतो. इकडून फोन.

‘बासष्टच?’

‘साहेब, इथं ते चांगले समजतात.’

‘आमच्या पुतण्याला इथं अठ्ठ्याऐंशी आहेत. सरकारचा एवढा खर्च करून बासष्ट?’

साहेबांना तरी काय म्हणणार? २०२४ मध्ये राज्यानेच परदेशी शिष्यवृत्तीसाठी पदवीला ७५ टक्क्यांची अट घातली होती. पोरांनी ओरड केल्यावर ती ढिली झाली. पण अट घालणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र लक्षात घ्या: गरिबीचा दाखला आणावा आठ लाखांच्या आतला, गुणपत्रिका आणावी ट्यूशनवाल्या घरातली, आणि दोन्हींवर नाव एकच असावं.

आता जातीचं. विमानात तेवीस किलो सामान नेता येतं. जात वजनात धरत नाहीत. दक्षिण आशियावरच्या वर्गात दिल्लीच्या किंवा दक्षिण मुंबईच्या उत्तम कॉलेजातली एखादी मुलगी असतेच. ती हात वर करून प्रामाणिकपणे सांगते, ‘कॉलेजात येईपर्यंत मला माझी जात माहीतच नव्हती.’ सगळा वर्ग हळहळतो, माना डोलावतो. आपला स्कॉलर गप्प. त्याला आपली जात शाळेच्या दाखल्यापासून पाठ आहे. ती खरी आहे हे पटवायला त्याने समितीपुढे तारखा घेतल्यात, आजोबांच्या १९५० आधीच्या नोंदी शोधत तहसीलच्या दप्तरखान्यातली धूळ खाल्लीय. जातीवर व्याख्यान द्यायचं तर वर्गात सर्वांत लायक तोच. पण टाळ्या तिला मिळतात, कारण ती तिची जात विसरून आलीय आणि हा पाच साक्षांकित प्रती घेऊन.

दिवाळीला भारतीय विद्यार्थी मंडळींचं जेवण. चिवडा, गाणी, कुर्ते, घरची आठवण. मग शेजारचा हसून विचारतो, ‘पूर्ण नाव काय म्हणालास?’ पूर्ण नाव त्याला पोस्टासाठी नको असतं. मग ‘म्हणजे गाव कुठलं’, मग ‘आडनाव तिकडं दोन्हींत असतं ना’, मग ‘शिष्यवृत्ती कोणती?’ शिष्यवृत्तीचं नाव सांगितलं की चौकशी संपते आणि चिवड्याची थाळी पलीकडे सरकते. इंग्लंडच्या संसदेने २०१३ मध्ये ठरवलं होतं की समानतेच्या कायद्यात जातही घालायची. २०१८ मध्ये तिथलं सरकार म्हणालं, राहू द्या, न्यायालयं बघून घेतील. इंग्रज माणूस दीडशे वर्षं आपल्याकडे राहून गेला तो उगीच नाही. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट’ ही कला त्यालाही येते.

बरं, पैशाचं बोलू, कारण कृतज्ञता सगळी तिथंच अडकलीय.

लंडनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला साधारण दीड हजार पौंड लागतात. हे मी म्हणत नाही, ब्रिटनचं गृहखातं म्हणतं. व्हिसा देताना तेवढे दाखवा म्हणतं. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता कित्येक वर्षं आहे वर्षाला ९,९००. भागाकार करा: महिना ८२५. त्यात लंडनची खोली येते, किंवा जेवण येतं. दोन्ही हवं असेल तर टर्म चालू असताना आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी आहे. सायकलवरून जेवणाचे डबे पोचवता येत नाहीत, कारण तो स्वतःचा धंदा ठरतो आणि विद्यार्थी व्हिसावर धंदा बंद. म्हणून दुकानात फळ्या भरायच्या, हॉटेलात भांडी घासायची. संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटमध्ये शिळं व्हायला आलेल्या पदार्थांवर पिवळी चिठ्ठी लागते. आपले स्कॉलर त्या चिठ्ठीचं टायमिंग ग्रंथालयाच्या टायमिंगपेक्षा चोख सांगतात.

हे भत्ता आला तर. भत्ता मंजूर असतो. मंजूर असणं आणि येणं यांच्यामध्ये मात्र आख्खा महाराष्ट्र पसरलेला असतो: लेखाशीर्ष, तरतूद, कोषागार, साहेब दौऱ्यावर, आचारसंहिता, मार्च एंड. एप्रिलमध्ये नवी तरतूद, म्हणून नवा प्रस्ताव, म्हणून नवा प्रगती अहवाल, म्हणून पुन्हा बासष्ट. तोवर विद्यापीठाच्या फी कार्यालयातून पत्र येतं, अत्यंत सभ्य भाषेत, की आपलं ग्रंथालयाचं कार्ड बंद करताना आम्हाला खेद होतोय.

आणि या सगळ्यात पोराने आभार मानायचे. शासनाचे, विभागाचे, आमदारांचे, विद्यापीठाचे. विद्यापीठ तर त्याला माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर घेतं: हिरवळ, मागे जुनी इमारत, एक आफ्रिकन मुलगी, एक चिनी मुलगा, मध्ये आपला स्कॉलर, तिघंही एकाच पुस्तकाकडे बघून हसताहेत. कुठल्याही विषयाच्या कुठल्याही पुस्तकाकडे बघून तीन माणसं अशी हसत नाहीत.

पण हसू येण्यासारखा हिशेब आहे खरा. इंग्लंडातल्या विद्यापीठांना घरच्या पोरांकडून पदवीला किती घ्यायचे ते सरकार ठरवतं. २०१७ पासून ते ९,२५० वर अडकून होतं, २०२५ मध्ये जेमतेम ९,५३५ झालं. त्यात भागत नाही. संशोधन तर तोट्यात चालतं. मग ही तूट कोण भरतं? परदेशी विद्यार्थी, ज्याच्या फीला वरची मर्यादाच नाही. मास्टर्सचे वीस, पंचवीस, तीस हजार पौंड. आपल्या स्कॉलरच्या बाबतीत ते महाराष्ट्राच्या तिजोरीतून जातात, म्हणजे परळीत काडेपेटी घेणाऱ्या माणसाच्या जीएसटीतून. पुढचं ऐका. तिथल्या सरकारने ठरवलंय की २०२८ च्या ऑगस्टपासून इंग्लंडातल्या विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यामागे वर्षाला ९२५ पौंड सरकारजमा करायचे. पहिल्या काही जणांची सूट सोडून. त्या पैशातून कुणाला मदत करायची? इंग्लंडातल्या गरीब घरच्या विद्यार्थ्यांना.

म्हणजे धाराशिवच्या वसतिगृहातलं पोरगं, ज्याचा स्वतःचा भत्ता कोषागारात पडलाय, ते लीड्सकडच्या एखाद्या पोराची शिष्यवृत्ती भरणार. त्या पोराचं भलं होवो. गरिबी लीड्सची असली म्हणून गोड नसते. पण मग आभाराचं पत्र कुणी कुणाला लिहायचं ते एकदा ठरवा. चौकातला एक फ्लेक्स लीड्सलाही लावा. शुभेच्छुकांत लिहा: समस्त ग्रामस्थ.

राहता राहिलं घर. बाबासाहेबांनाही विद्वत्तेने छळलं नाही तेवढं घराने छळलं. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धं टाकून ते करारापोटी बडोद्याला नोकरीला गेले. संस्थानाचे लष्करी सचिव. पण शहरात राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. तीन वर्षांनी पुन्हा लंडन गाठलं ते कुणाच्या योजनेवर नाही. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचा हात आणि एका पारशी मित्राची उसनवारी. तेव्हा ते १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, पंतप्रधानांच्या हस्ते स्मारक म्हणून उघडलं. चांगलं केलं. शेजाऱ्यांनी कुरकुर केली की ही राहण्याची जागा आहे, संग्रहालय नको, कॅम्डेनच्या नगरपालिकेने नाही म्हटलं, चौकशी बसली, २०२० मध्ये अखेर परवानगी आली. आता तिथं आपले मंत्री जातात, फोटो काढतात. आपला स्कॉलरही पहिल्या रविवारी जातो, फोटो काढतो, बराच वेळ उभा राहतो. मग परत जातो खोली शोधायला.

कारण त्याला खोली मिळत नाहीय. लंडनचा घरमालक जात विचारत नाही, जामीनदार विचारतो. ब्रिटनमध्ये राहणारा, बरं उत्पन्न असलेला, शक्यतो स्वतःच्या घराचा मालक. नसेल तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ, असा आजवरचा रिवाज. नव्या कायद्याने आगाऊ भाड्याला लगाम घातलाय, म्हणजे जामीनदाराचा भाव अजून वधारणार. महाराष्ट्रातला जामीनदार तिथं चालत नाही. मुद्रांक पाचशेचा असला तरी.

माझा स्कॉलरांना फुकटचा सल्ला आहे. एजन्सीचा फॉर्म बिनधास्त भरा. जामीनदाराचं नाव: महाराष्ट्र शासन. लंडनमध्ये स्वतःच्या मालकीचं घर आहे का: आहे. पत्ता: १०, किंग हेन्रीज रोड. कधीपासून: २०१५. अर्जदाराशी नातं: मायबाप. एजंट सगळं वाचेल, मान हलवेल, म्हणेल जागा तर उत्तम वस्तीत आहे. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारेल, ‘हे तुमचे मायबाप फोन उचलतात ना?’